छबीच्या घरची शाबासकी

बेबी परदेशी निघाली तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांनी विचारलं, समुद्र बघायला का? ती म्हणाली, हो. विमानात शेजारच्या बाईने विचारलं, मैत्रिणीकडे का? ती म्हणाली, हो, लहानपणची. दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्हींत राम नव्हता. बेबी चालली होती उट्टं काढायला. पन्नाशी उलटली तरी बेबीच राहिलेली, विमा कचेरीत खिडकीमागे बसून लोकांच्या कागदांवर शिक्के मारणारी, जिना चढताना गुडघ्यांना शिव्या घालणारी ही बाई. आयुष्यात कधी कुणाला वर तोंड करून बोलली नाही, आणि सूड घ्यायला समुद्र ओलांडून निघाली. माणसाचं काही सांगता येत नाही.

गोष्ट जुनी होती, पण बेबीने ती शिळी होऊ दिली नव्हती. तिच्या आईचं शिवणाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. झंपर, परकर, शाळेचे गणवेश. शेजारची छबी शाळा सुटली की बेबीच्या मागोमाग दुकानात यायची, म्हणून आईने दोघींना बरोबरच शिकवायला घेतलं. थोड्याच दिवसांत छबीच्या हातात कात्री आली. बेबीच्या वाट्याला आली काजं. काज म्हणजे शिवणकामातलं भांडी घासणं. चांगलं झालं तर कुणी बघत नाही, बिघडलं तर बटण लावताना गिऱ्हाईक रोज नावं ठेवतं. तरी बेबी करायची. आई एकदा तरी बघेल, म्हणायची.

मग एका दुपारी दुकान बायकांनी भरलेलं असताना आईने छबीने बेतलेला झंपर वर धरला आणि म्हणाली, "हात बघावेत तर आमच्या छबीचे. माझी मुलगी म्हणायची ती हीच." बायका हसल्या. छबी खाली बघत राहिली. पोटची मुलगी कोपऱ्यात काज करत बसली होती, तिच्या बोटात सुई गेली. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे आई गेली, दुकान गेलं, छबी लग्न करून परदेशी गेली. बेबीचंही सगळं झालं. लग्न, मुलगा, मुलाचं लग्न, नवऱ्याचं जाणं. ते एक वाक्य मात्र गेलं नाही. भाजी निवडताना ते यायचं. शिक्का मारताना यायचं, आणि मग तो शिक्का इतक्या जोरात बसायचा की समोरचा माणूस दचकायचा.

छबी दर उन्हाळ्यात बोलवायची आणि बेबी दर उन्हाळ्यात काहीतरी कारण काढायची. यंदा फोनवर छबी सहज म्हणाली, "सासूबाई मला हलूच देत नाहीत गं. माझ्याशिवाय कुणाचं शिवण त्यांना चालतच नाही. फार जीव त्यांचा माझ्यावर." फोन ठेवेपर्यंत बेबीचं ठरलं होतं. हिने माझी आई घेतली. आता मी हिची सासू घेणार. तेच वाक्य, हिच्याच घरात, हिच्याच देखत, चार माणसांसमोर मला ऐकायचंय. ऐकलं की परतीचं विमान.

छबीचं घर समुद्राच्या मागच्या गल्लीत होतं. सासरची माणसं दोन पिढ्यांपूर्वी आपल्याकडूनच तिकडे गेलेली, त्यामुळे घरात बोलणं आपलंच होतं. वर राहायच्या खोल्या, खाली शेड. शेडमध्ये लांबलचक कापायचं टेबल, जाड कापडाची दोन मशिनं आणि दारापासून भिंतीपर्यंत फाटक्या छत्र्यांचे ढीग. उन्हाळ्यात तिथल्या किनाऱ्यावर माणसं वाळूत ओळीने पडून राहायची. प्रत्येकाच्या डोक्यावर भाड्याची मोठी छत्री, पाठीखाली भाड्याची कापडी खुर्ची. ऊन कापड कुजवायचं, वारा ते फाडायचा, आणि भाड्याने देणारे लोक सकाळी ते सगळं छबीच्या दारात आणून टाकायचे. उद्या पाहिजे म्हणायचे. छबीचा नवरा छत्र्या गाडीतून पोचवायचा. बेबी त्याला भाऊजी म्हणायची. भला माणूस, पण बोलायचं काम त्याने घरातल्या बायकांवर कायमचं सोपवून टाकलं होतं.

आणि टेबलाच्या टोकाला, वेताच्या खुर्चीत, सासूबाई.

त्यांचे डोळे अधू झाले होते, अंगठा मात्र झाला नव्हता. शिवलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या मांडीवर जायची. शिवणीवरून त्यांचा अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचा. कुठे अडला, की मांडीवरचं पातं उचलून त्या सगळी शिवण फर्रकन उसवायच्या आणि कापड शिवणाऱ्याच्या अंगावर टाकायच्या. बोलायच्या नाहीत. पगारी बायका आल्या आणि रडून गेल्या. भाऊजींनी तरुणपणी एक खुर्ची शिवली होती, त्यानंतर मशिनला हात लावला नव्हता. छबीचं तेवढं पास व्हायचं.

"मी पण बसते की मदतीला," दुसऱ्याच दिवशी बेबी म्हणाली. "नुसतं बसून खायचं म्हणजे बरं दिसत नाही."

"अगं, तू पाहुणी. समुद्रावर जा, पाय भिजव," छबी म्हणाली.

"पाय काय, घरी नळाखालीही भिजतात."

छबीने फार आग्रह केला नाही. बेबीने छत्रीच्या दोन कळ्या, म्हणजे कापडाचे तिकोनी तुकडे, जोडल्या आणि सासूबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवल्या. अंगठा फिरला, फर्र, कापड तोंडावर. कचेरीत साहेबाने असं काही केलं असतं तर बेबीने युनियनचा दरवाजा तोडला असता. इथे ती गोड हसली आणि म्हणाली, "बरोबर आहे, मावशी. परत करते." अडला हरी म्हणतात तो असा. परत केलं, परत फर्र. संध्याकाळपर्यंत तिने तीच दोन कापडं इतक्यांदा जोडली की त्यांच्या कडा जाळीसारख्या झाल्या. पोटात आग आणि ओठांवर साखर, अशी ती वर जेवायला गेली.

नशीब उघडलं ते बोटीच्या खोळीने. कुणाची तरी हौशी बोट होती, तिच्यावर घालायची जाड कापडाची खोळ, आणि खोळीला कडेने दोरी ओवायची भोकं. धातूच्या कड्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात आणि कापड खातात, म्हणून सासूबाईंना ती भोकं हाताने शिवून हवी होती. त्यांच्या तरुणपणी तशीच करायचे. छबीने एक करून बघितलं. फर्र. दुसरं केलं. फर्र.

"हिला काज कधी जमलंच नाही," बेबी कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली आणि सुई घेतली.

जमणार कसं? दुकानातली सगळी काजं बेबीनेच केलेली. जाड दोऱ्याला मेण लावून, टाक्याला टाका चिकटवून, प्रत्येक टाक्याची गाठ कडेवर बसवत तिने पहिलं भोक पुरं केलं. सासूबाईंचा अंगठा त्याच्या कडेने फिरला. परत फिरला. मग उलट्या बाजूने फिरला. पातं मांडीवरच राहिलं.

"कुणी शिकवलं?"

"आईने," बेबी म्हणाली, आणि छबीकडे बघितलं. छबी खाली मान घालून कापत होती, अगदी त्या दुपारसारखी. बेबीच्या छातीत गार वाटलं.

तिथून तिने लढाई सोडली नाही. सासूबाईंच्या सुईत दोरा तीच ओवायची. त्यांचा बिनसाखरेचा चहा तीच आणायची. त्यांच्या पायांना तेल तीच लावायची, आणि तेल लावताना त्यांच्या यजमानांची बोट कशी उलटली ही कथा रोज नव्याने ऐकायची, रोज योग्य जागी "अगंबाई" म्हणायची. मावशीची आई कधी झाली ते शेडमधल्या मशिनलाही कळलं नाही. संध्याकाळी त्यांचा हात धरून ती त्यांना किनाऱ्याच्या कठड्यापर्यंत न्यायची. सासूबाई तिथे उभ्या राहून, कापडाच्या फडफडीवरून ओळखून, आपल्या शेडमध्ये शिवलेल्या छत्र्यांना उद्देशून बोलायच्या. ही नीट उभी नाही, ती वाऱ्याला तोंड देऊन लावलीय, माणसांना अक्कल नाही. समुद्र समोर लखलखत असायचा. बेबीने त्यात अजून पाऊल घातलं नव्हतं. तिला सवड नव्हती.

छबीला मात्र आता सवड मिळू लागली. दुपारी ती नाहीशी व्हायची आणि परत यायची तेव्हा केस ओले असायचे, डोळे लाल. बेबी मनात म्हणायची, रड, पोटभर रड, मीही रडले होते. खाऱ्या पाण्यात पोहून डोळे लाल होतात हे समुद्रकाठी राहायला आलेल्या बाईला सुचायला हवं होतं. पण सुडाला निघालेल्या माणसाला समोरचा रडतानाच दिसतो.

एकदा जेवताना छबी म्हणालीसुद्धा, "आई हल्ली मला हाकच मारत नाहीत."

"वाईट वाटतं का गं?" बेबीने भात वाढत विचारलं. आवाजात इतकी माया की भाऊजींनी ताटातून मान वर केली.

"वाटणारच ना," छबी म्हणाली आणि पाणी प्यायली.

त्या दिवशी बेबी दोन घास जास्त जेवली.

आणि मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी वारा सुटला होता, त्यामुळे शेडमध्ये गर्दी होती. छत्र्या भाड्याने देणारा जाडा माणूस, कोपऱ्यावरच्या हॉटेलची चादरी-पडदे सांभाळणारी बाई, शेजारचा पाववाला. बोटीची खोळ पुरी झाली होती. सासूबाईंनी ती मांडीवर घेतली, एकेका भोकावरून अंगठा नेला आणि सगळ्यांना दिसेल अशी दोन्ही हातांनी वर धरली.

"असं काम माझ्या शेडमध्ये आजवर झालं नाही," त्या म्हणाल्या. "ही बेबी. पाहुणी म्हणून आली, पण आजपासून माझी लेक हीच."

पाववाला हसला. जाड्या माणसाने मान डोलावली. छबीची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. ती तिने टेबलावर ठेवली, हात पुसले आणि कुणाकडे न बघता जिना चढून वर गेली.

बेबीला इतका आनंद तिच्या लग्नातही झाला नव्हता. मुलगा पास झाला तेव्हाही नाही. पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत ती गोड झाली. आई, ऐकलंस का, ती मनात म्हणाली, आणि आईला ऐकू गेलं असेल तर तिला चांगलंच झोंबावं असंही तिला वाटलं.

पण जिंकलेल्याला हरलेल्याचं तोंड बघितल्याशिवाय राहवत नाही. गिऱ्हाइकं गेल्यावर तीही वर गेली. दारातून ऐकलं तर छबी गुणगुणत होती. पलंगावर बॅग उघडी होती आणि छबी त्यात कपडे भरत होती. सगळ्यांत वर पोहण्याचा पोशाख.

"कुठे निघालीस?"

"पलीकडच्या बेटावर. बोटीने. आम्ही दोघं. उन्हाळा संपेपर्यंत."

"आणि आई?"

"तू आहेस ना. लेक."

बेबी दाराला टेकली. "तुला काहीच वाटलं नाही? त्या सगळ्यांसमोर तसं म्हणाल्या तेव्हा?"

"वाटलं ना. हसू आवरेना, म्हणून तर वर आले." छबीने टॉवेलची घडी घातली. "तुझ्या आईने मला लेक केलं तो दिवस आठवतो तुला?"

बेबीच्या मनात आलं, आठवतो का, म्हणे.

"त्याच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं होतं की मला टायपिंगच्या क्लासला जायचंय, एक तारखेपासून येणार नाही. तर दुसऱ्या दिवशी चार बायकांसमोर तिने मला लेक करून टाकलं. आता लेक कुठे जाते का सोडून? सगळी आळी मला विचारायला लागली असती. राहिले. ती जाईपर्यंत राहिले. तिला तेल मी लावलं, तिच्या सुईत दोरा मी ओवला. तू कुठे होतीस?"

"मला तिने जवळ कधी केलंच नाही. काजं करायला लावायची."

"म्हणजे तू कंटाळून पळावीस. मी विचारलं होतं तिला एकदा, बेबीला का नाही बसवत कापायला? तर म्हणाली, तिला नको जुंपायला. माझी पाठ गेली तशी तिची जायला नको. पळते ते बरं आहे, शिकेल काहीतरी. हे माझ्या तोंडावर म्हणाली, बेबी. माझी पाठ तिला चालत होती."

इतकी वर्षं आईला दोष देण्यात गेली होती. आता त्या दोषाचं काय करायचं ते तिला कळेना, आणि त्यासाठीही तिला राग छबीचाच आला.

"हे कधी बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? रागच होता तुझा. तू सायकलवर हिंडत होतीस, मी मशिनवर वाकलेली. इतक्या लांबचं स्थळ का पत्करलं मी? तर पळायला. आणि इथे आले तर ही खुर्ची, हा अंगठा आणि तेच वाक्य. लग्नाला महिना झाला नव्हता." तिने बॅगेची चेन ओढली. "तुला फोनवर ते मुद्दाम सांगितलं. लहानपणापासून माहीत आहे मला. माझ्या हातात काही दिसलं की तुला ते हवंच असतं. मग ते ओझं का असेना."

बेबी जिना उतरली. शिकार करायला आली होती आणि स्वतःच्या पायांनी पिंजऱ्यात बसली होती. पण सुई अजून तिच्या हातात होती. एक वाकडी शिवण, बस. अंगठा अडेल, फर्र होईल, लेक पुन्हा पाहुणी होईल, आणि सासूबाई जिन्याकडे तोंड करून छबीला हाक मारतील. बोट काय, छबी या गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जाणार नाही.

ती मशिनवर बसली आणि छत्रीच्या दोन कळ्या घेतल्या. शिवण मुद्दाम उजवीकडे नेली, मग डावीकडे, मध्ये कापड दुमडलं तेही तसंच शिवलं, टाके ओघळू दिले. इतकं वाईट शिवायलासुद्धा हात तयार होईनात, तिला त्यांच्यावर जबरदस्ती करावी लागली. छबी बॅग घेऊन खाली आली. बाहेर भाऊजींनी गाडी सुरू केली होती. टेबलावरून पुढे जाताना छबीची नजर मशिनवर पडली आणि ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

हेच तोंड बघायला बेबी इतक्या लांब आली होती. तिने ते नीट बघून घेतलं.

"बेबी, नको," छबी हळूच म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

बेबीने दोरा तोडला, उठली आणि कापड सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. "बघा बरं, आई, कसं झालंय."

अंगठा निघाला. पहिल्याच वळणावर अडला. पुढे सरकला, दुमडीवर चढला, उतरला, लोंबणाऱ्या टाक्यांत गुंतला, सुटला आणि दुसऱ्या टोकाला पोचला. सासूबाईंनी दुसऱ्या हाताने मांडीवरचं पातं चाचपलं. छबीने डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी पातं उचललं आणि टेबलावर लांब ठेवून दिलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

"आई, नीट बघा. वाकडं आहे."

"म्हटलं ना छान झालंय."

"अहो, दुमड आलीय मध्ये. गिऱ्हाईक फेकून देईल अंगावर."

"देऊ दे." त्यांनी हात पुढे करून बेबीचं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत मशिनच्या चाकाचा जोर होता. ज्या बायका आज ना उद्या जाणार असं त्यांनी हेरलेलं असायचं त्यांचंच त्या उसवत होत्या, छबीची ती दोन भोकंसुद्धा, आणि जिला राहायला लावायचं तिचं सगळं चालत होतं. हे बेबीला तिथे उभ्याउभ्या कळलं. आपली आई आठवली, तिने वर धरलेला तो झंपर आठवला, आणि तो सरळ बेतलेला होता की नाही हे आपण कधी बघितलंच नाही, हेही आठवलं.

"बस इथे," सासूबाई म्हणाल्या. "छबी, गेलीस का?"

"आहे, आई." छबीचा आवाज उंबऱ्यावरून आला.

"जाता जाता हिच्या तिकिटाचं बघ. पुढे ढकलायला सांग त्यांना. लेक काय चार दिवसांसाठी येते?"

बेबीने छबीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती तिच्याकडे काहीतरी मागत होती.

"बघते, आई," छबी म्हणाली, बॅग उचलली आणि गाडीत जाऊन बसली.